खाऱ्या वाऱ्यात टिकणारं लाकूड

"किती वर्षां टिकाक होया?" जगू मेस्त्रीनं विचारलं.

त्यानं रंधा बाजूला ठेवला होता आणि माझ्या हातातल्या प्लास्टिकच्या तुकड्याकडे बघत होता. खुर्चीचा पाय होता तो. उन्हानं इतका कडकडीत झालेला, की मुठीत दाबला तर भुगा व्हावा. ती खुर्ची सकाळी माझ्या सासूच्या अंगाखाली फुटली होती आणि म्हातारी किनाऱ्यावर वाळूत उताणी पडली होती. कोणीतरी बघेपर्यंत तशीच. मी कारखान्यात कोळंबी सोलत होते, मला कोण सांगायला येणार?

"किती वर्षां म्हणजे?"

"म्हणजे आये थंय किती वर्षां बसतली? दोन वर्षांची गजाल आसात तर आंब्याचा करून देतंय. धा वर्षांची आसात तर लाकूड वेगळा. माका काय ता एकदा सांग."

माझं डोकंच फिरलं. हा जगू म्हणजे माझ्या नवऱ्याचा जिवाभावाचा दोस्त. आमच्या लग्नात वरातीपुढे नाचून ह्यानं चप्पल तोडलेली. आणि हा मला विचारतो, किती वर्षं!

"तो घराक येईसर टिकाक होया," मी म्हटलं. "समजला? उद्या इलो तर उद्यापर्यंत. मेल्या, तुझ्या जिभेक काय हाड?"

जगूनं पेन्सिल कानामागे खोचली. "तसा न्हय गो वैजू. लाकूड निवडूचा म्हटल्यार ह्या इचारूचाच लागता."

त्याचं काही चुकलं नव्हतं. पण त्या दिवसांत मी दिसेल त्याला फाडून खायला धावत होते. माझा नवरा, दिगंबर, सगळे दिगू म्हणायचे, नारळी पुनवेनंतर दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून गेला आणि चतुर्थीच्या तोंडावर वादळ झालं. ट्रॉलर उलटला. बाकीच्यांची प्रेतं खाली गोव्याच्या बाजूला लागली, दिगूचं लागलं नाही. प्रेत नाही तर माणूस गेला असं कोण म्हणणार? आये तर नाहीच म्हणाली. आये म्हणजे माझी सासू, गुणवंती. सासरे माझ्या लग्नाआधीच वारलेले, दिगू तिचा एकुलता एक, आणि आमच्या लग्नाला पुरती दोन वर्षंही झाली नव्हती. घरात आम्ही दोघीच उरलो. बातमी आली त्याच्या दुसऱ्या सकाळी आये किनाऱ्यावर जाऊन बसली, तोंड दर्याकडे करून, आणि मग रोजच बसायला लागली. उजाडलं की जायची, अंधार पडला की यायची. पाऊस, ऊन, काही म्हणून बघायची नाही.

आधी उपड्या घातलेल्या माशांच्या टोपलीवर बसायची. मग मी प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली. वाऱ्यानं ती खुर्ची उचलली आणि दर्यात घातली. मग दिगूच्या मावशीनं मुंबईहून लोखंडी घडीची खुर्ची आणली. खारा वारा लोखंड कसा खातो ते आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना कोणी सांगायला नको, पण मावशीला कोण बोलणार? दिवाळीत आणलेली खुर्ची शिमग्यापर्यंत पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटायला लागली, आणि एक दिवस तिचा गंजका पत्रा आयेच्या घोट्यात घुसला. आयेला साखरेचा आजार. जखम भरेना.

सिमेंटचं बाकडंही करून झालं. आमच्या मेंबरानं पुढाकार घेऊन आणवलं. एका बाजूनं वाळूत रुतलं, दुपारी तव्यासारखं तापायचं, पण ते सोडा. आये त्याच्यावर एकदाही बसली नाही. असली बाकडी देवळापाशी, एस्टी स्टँडवर, मसणात असतात ना, त्यांच्यावर कैलासवासी अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ असं लिहिलेलं असतं. ह्याच्यावर काही लिहिलेलं नव्हतं. तरी म्हणाली, "आज नाय तर उद्या लिवतीत." आणि त्याच्याकडे पाठ करून खाली वाळूत बसली, जखमेचा पाय ओल्यात पसरून. मग मी घरामागे उन्हात पडलेली जुनी प्लास्टिकची खुर्ची नेऊन ठेवली, तीच त्या सकाळी फुटली.

तालुक्याच्या डॉक्टरनं मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, "हा पाय ओल्या वाळूला लागता कामा नये. खाली लोंबकळत ठेवायचा नाही, उंच धरायचा. नाहीतर गुडघ्याखालून काढावा लागेल. आणि त्या वयात, त्या साखरेत, पाय काढल्यावर पुढचं मी सांगू शकत नाही. त्यांना घरात बसवा."

घरात बसवा! मी काय काय केलं नाही? दाराला बाहेरून कडी घातली तर मागच्या कुंपणावरून गेली. पाया पडले. शिव्या घातल्या. एकदा तर तिच्या तोंडावर ओरडले, "तू मेलंस तर माका कोण आसा गो?" ती सगळं ऐकून घ्यायची आणि शांतपणे म्हणायची, "मी बसतंय मगे. तू कामार जा."

तेवढंच. दुसरं वाक्यच नाही. मला वाटायचं हिचं डोकं गेलं. मुलाच्या वेडानं ही स्वतःला मारून घेणार आणि मला ह्या घरात एकटीला भिंतींशी बोलत सोडून जाणार. रात्री तिच्या पायाला मलम लावताना मला इतका राग यायचा, की मलमाची डबी भिंतीवर आपटावीशी वाटायची. पण रडले मात्र नाही. नवरा दर्यावर असताना बायकोनं रडायचं नाही, आमच्यात ते फार वाईट मानतात. आणि आये रोज जाऊन बसत होती, म्हणजे माझा नवरा अजून दर्यावरच होता.

"आंब्याचा नको," मी जगूला म्हटलं. "आंब्याचो स्टूल करून झालो. भुंग्यान खाल्लो तो."

"मगे फणस?"

"टिकतलो?"

"घरात टिकात. थंय वाऱ्यात..." त्यानं मान हलवली. "नवो साग आणूक होयो. पण वखारीत आता सगळो ओलो गावता. ओल्या लाकडाचा बाकडा केलंय तर ह्या उन्हात तोंड वासतला. सांधे सुटतले, आये पडतली परत."

"मग तू मेस्त्री कसलो?" मी म्हटलं. "सगळ्याक नायच म्हणतंस तर!"

जगूची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे गेली, खाडीच्या बाजूला, माडांखाली. मी वळून बघितलं नाही. तिथं काय आहे ते मला माहीत होतं. दिगूची होडी होती ती. झावळ्यांनी झाकून उपडी घातलेली. सासऱ्यांनी बांधलेली, सागाची, फळ्या सुंभानं शिवलेल्या. इतकी वर्षं मीठ पिऊन पिऊन तिचं लाकूड इतकं घट्ट झालेलं, की कुऱ्हाडसुद्धा उडावी.

"तसला लाकूड आता पैदा होणा नाय," जगू हळूच म्हणाला. "त्येका ऊन लागणा नाय, पाणी नाय, भुंगो नाय."

"परत बोललंस तर तुझ्या तोंडात मारीन," मी म्हटलं आणि निघाले.

का ते सांगते. आमच्या वाडीत ज्याची वाट बघतात त्या माणसाची होडी कोणी मोडत नाही. कुजली तरी चालेल, वाळवीनं खाल्ली तरी चालेल, हात लावायचा नाही. होडी मोडली म्हणजे घरानं माणसाला सोडलं. मग वाडीतल्या बायका येतात, घरच्या बाईला खळ्यात, म्हणजे अंगणात, बसवतात, कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात, आणि मग भटजी दर्भाचा माणूस करून जाळतो. हे सगळं कोणी कोणाला सांगावं लागत नाही. होडीवर कुऱ्हाड पडल्याचा आवाज झाला की झालं.

आणि बायका टपलेल्याच होत्या, असं मला तेव्हा वाटायचं. त्यांच्यात पुढे येसूकाकी. तिचाही नवरा दर्यानं नेलेला, फार वर्षांपूर्वी. त्याच आठवड्यात ती दोघीतिघींना घेऊन आमच्या दारात आली. आये किनाऱ्यावर होती.

"वैजू, वाईट वाटान घेव नको," येसूकाकी म्हणाली. "पण सा महिने होऊन गेले. दिगू बापडो मधीच लटकलेलो आसा. ना हंय, ना थंय. त्येका मोकळो करूक होयो."

"तो येतलो."

"येवचो नाय गो चेडवा. तुकाय ठावक आसा."

"माका काय ठावक नाय. आयेक जाऊन सांगा."

"तिका कोण सांगतला?" दुसरी एक म्हणाली. "ती थंय बसली आसा तोपर्यंत कोणाक काय करूक येणा नाय. आवस वाट बघता, मगे रीत कशी करूची?"

"मग करू नका!" मी झाडू उचलला. खरंच उचलला. बायका खळ्यातून बाहेर गेल्या. येसूकाकी तेवढी वळली आणि माझ्या हातांकडे बघून म्हणाली, "तुझो राग माका कळता." मला त्या क्षणी तिचा गळा धरावासा वाटला.

चैताचं ऊन चढलं तसा आयेचा पाय काळा पडायला लागला. आधी करंगळी. मग तिच्या शेजारचं बोट. वास यायला लागला. मी तिला धरून, अक्षरशः उचलून, रिक्षात घालून तालुक्याला नेलं. डॉक्टरनं बघितलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तो पाय कुजवला. दोन बोटं काढायची म्हणाला. ठेवून घेतलं. माझी आई आली सोबतीला.

"आता शेवटचं सांगतो," डॉक्टर म्हणाला. "परत त्या वाळूत बसल्या तर मी काही करू शकणार नाही. तुम्हाला सासू हवी आहे की नको?"

मला सासू हवी होती. ह्या जगात माझी म्हणावी अशी तेवढीच उरली होती. माहेरी आई होती, पण घर भाऊ-भावजयीचं, आणि भरल्या कपाळाची बहीण वेगळी आणि नुसती बहीण वेगळी, हे मला न सांगता कळत होतं. दिगू येईल तेव्हा येईल. आला तर त्याची आई जिवंत असायला नको? मी अशी कारणं जुळवत एस्टीत बसले होते. घाटात बस वळणं घेत होती. मला ठाऊक होतं आये काय करणार. हॉस्पिटलातून सोडली की घरी येणारच नाही, थेट किनाऱ्यावर जाणार. तिला कोणी अडवू शकत नव्हतं. तिच्या अंगाखाली काहीतरी देणं एवढंच माझ्या हातात होतं. उंच, पाठीला टेक असलेलं, पाय वर घेऊन बसता येईल एवढं लांब, आणि न मोडणारं. परत ती पडली असती, परत पाय वाळूला लागला असता, तर संपलं होतं सगळं.

वाडीत उतरले ती सरळ जगूकडे गेले. दुपारची वेळ होती. तो जेवून अंगणात आडवा झाला होता.

"ऊठ," मी म्हटलं. "होडी फोड."

तो उठून बसला. मग म्हणाला, "वैजू, डोका ठिकाणार आसा मा तुझा?"

"नाय. फोड."

"सगळी वाडी ऐकतली. संध्याकाळपर्यंत दारात येतले."

"आयेक आजून दोन दिवस सोडणत नाय. ती घराक पोचल्याशिवाय त्येंका रीत करूक येणा नाय. तू दोन दिवसात बाकडा कर."

"आणि दिगू इलो तर? माका काय इचारतलो?"

"इलो तर सांग बायलेन फोडूक सांगितल्यान. माका बडयतलो तो. बडयू दे." माझा आवाज फाटला. "माझ्या सासूचो पाय कापतले जगू! तू लाकडाच्या गजाली सांगत बसलंस! ऊठ म्हणतंय ना!"

त्यानं कुऱ्हाड घेतली.

मी तिथंच उभी राहिले. झावळ्या काढल्या. होडी उलथी होती, पाठ वर केलेली. जगू आधी तिच्या पाया पडला, मग सुंभ कापायला लागला. एकेक टाका कापला जात होता आणि फळ्या सुटताना आतून कोरडा आवाज येत होता. एके ठिकाणी टाके सुटेनात तेव्हा त्यानं कुऱ्हाड घातली. तो आवाज खाडीच्या पलीकडेपर्यंत गेला असेल. घराघरातून माणसं बाहेर आली आणि लांबच उभी राहिली. जवळ कोणी आलं नाही. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. मी फळ्या मोजल्यासारखी बघत राहिले, पण मोजत काही नव्हते. ह्या होडीतून लग्नानंतर दिगूनं मला खाडीत फिरवलं होतं आणि मला उलटी झाली म्हणून दिवसभर हसत होता. ते आठवलं आणि मी मान फिरवली.

जगूनं मन लावून काम केलं. लोखंडाचा एक खिळा वापरला नाही, सगळे पितळी. टाक्यांची भोकं लाकडाच्या खुंट्यांनी बुजवली. वरून काजूच्या टरफलांचं काळं तेल दोन हात दिलं. तिसऱ्या दिवशी बाकडं किनाऱ्यावर होतं, चारी पाय वाळूत पुरून, आयेच्या जागी. मी त्यावर बसून बघितलं, उभी राहून बघितलं, उडी मारून बघितलं. करकरलंसुद्धा नाही.

दुपारनंतर रिक्षा आली. मला वाटलं होतं तसंच झालं. आये रिक्षावाल्याला म्हणाली, "दर्यार घे." माझी आई हात जोडत होती, पण आयेनं तिच्याकडे बघितलं नाही. मी तिला धरून वाळूतून नेलं. बांधलेला पाय मी जमिनीला लागू दिला नाही, जवळजवळ उचलूनच नेली. हलकी झाली होती फार.

बाकडं बघून ती थांबली. "नवा केलंस?"

"हां. बस."

ती बसली. मी तिचा पाय उचलून बाकड्यावर ठेवला, पाठीमागे उशी दिली. तिनं दोन्ही तळवे बाजूच्या फळीवर टेकले. जख्ख म्हाताऱ्या बोटांनी ती फळी चाचपत गेली आणि बुजवलेल्या भोकांच्या ओळीवर येऊन थांबली. एक भोक, मग दुसरं.

"ह्ये टाके तुझ्या सासऱ्यान घातलेले," ती म्हणाली. "मी सुंभ वळून दिलंय."

आता ही किंचाळेल, मला वाटलं. छाती बडवेल. माझ्या मुलाला मारलंस म्हणेल. मी तयार होते. मारलं असतं तरी मार खाल्ला असता.

"तूच सांगलंस मोडूक?"

"हां."

"कोणी सांगूक नाय ना तुका? येसून? जगून?"

"कोणी नाय. मीच. तुझो पाय..."

"पायाचा ऱ्हवांदे." ती दर्याकडे बघत होती, रोजच्यासारखी. मग एक लांब श्वास सोडला आणि पाठ टेकली. इतक्या महिन्यांत तिला पाठ टेकून बसलेली मी पहिल्यांदा बघितली. "बरा केलंस," ती म्हणाली. "बरा झाला. माझा आता होणा नाय होता."

"काय होणा नाय होता?"

"बसणा."

मला कळेना. "आये, तू वाट बघीत होतंस ना? त्येची?"

"खुळी काय तू?" तिनं माझ्याकडे मान वळवली. डोळे कोरडे होते. "मी दर्यावरली बायल. माझो बापूस दर्यात गेलो, भाव गेलो. वादळ झाला त्याच राती माका कळला. आवशीक कळता. ट्रॉलर उलटलो तेव्हाच तो गेलो."

"मगे?" मी तिचा दंड धरला. "मगे इतके दिवस हंय कित्याक मरतंस गो? ह्या उन्हात? पाय कुजवलंस! कित्याक?"

"मी उठलंय असतंय तर त्याच सांजेक तुका खळ्यात बसवल्यानी असती," आये म्हणाली. "बावीस वर्षांचा चेडू. मी मनात ठरवलंय, हिका आपणहून कळूंदे. हिच्या मनान मान्य करूंदे. तवसर मी बसतंय. आवस वाट बघता म्हटल्यार कोण हात लावूक धजणा नाय."

मी तिच्या मांडीवर डोकं घातलं. मला माझ्या एकेका शब्दाची लाज वाटत होती असं नाही, मला काहीच वाटत नव्हतं, नुसतं पोटातून काहीतरी वर येत होतं आणि थांबत नव्हतं. तोंड तिच्या लुगड्यात खुपसून मी ओरडले. दिगू, दिगू करून ओरडले. आये माझ्या पाठीवर थोपटत राहिली आणि म्हणाली, "रड. आता रड."

मग तीच म्हणाली, "ऊठ. जगूक हाक मार. दोघा-तिघांक घेऊन ये म्हणा. ह्या बाकडा घराक न्हेव्या."

"कित्याक?"

"माझा हंयचा काम सरला."

जगू आणि त्याचे भाऊ आले. बाकड्याचे पाय वाळूतून उपसून काढले. आयेला उठू दिलं नाही, बाकड्यावर तशीच बसवून चौघांनी उचललं, आणि तसेच वाडीतून घराकडे निघालो. मी मागून चालले. माणसं दारात येऊन बघत होती.

घराच्या दारात आयेनं त्यांना थांबवलं. "हयसर ठेवा. आडवा. उंबऱ्याक लावून."

"आये, मगे आत जावचा कसा?" जगूनं विचारलं.

"वैजू आत जातली. दुसऱ्या कोणाक जावचा नाय." ती मला म्हणाली, "जा आत. बाहेर येव नको."

मी बाकड्यावरून पाय टाकून आत गेले. आयेनं पाठ दाराकडे केली, जखमेचा पाय लांब सोडला, आणि दारभर पसरून बसली. तो पाय पुढे काढावाच लागला, श्रावण लागायच्या आत. डॉक्टरनं सांगितलं होतं ते खरंच झालं. पण त्या सांजेला तो होता आणि तिनं तो उंबऱ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवा घातला होता.

दिवे लागायच्या वेळेला बायका आल्या. मी आतून बघत होते. येसूकाकी पुढे होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता, मागच्या एकीच्या हातात पांढरं लुगडं.

"गुणाबाय," येसूकाकी म्हणाली, "होडी मोडली."

"मोडली."

"मगे?"

"मगे काय? माझो झील गेलो." आयेचा आवाज खणखणीत होता. सगळ्या खळ्याला ऐकू जाईल असा. "मी आवस सांगतंय, माझो झील गेलो. उद्या भटाक बोलवा. दर्भाचो करून जाळूचो तो जाळूया. माझा रडणा मी रडतलंय. पण माझ्या सुनेच्या हाताक कोणी हात लावूचो नाय. कपाळाक नाय. तिका पुसूचा तर तिचा ती पुसात. नाय पुसूचा तर नाय."

बायकांत कुजबुज झाली. लुगडंवाली म्हणाली, "असा कसा? रीत आसा ती. आमच्या सगळ्यांची केली ना?"

"केली. माका काय ठावक नाय?" आयेनं येसूकाकीकडे बघितलं. "येसू, तुझ्यो बांगड्यो फोडल्यानी तेव्हा तुझे हात कोणी धरलेले?"

येसूकाकीनं तांब्याच्या हातावर पदर ओढला.

"सांग ना. कोणी धरलेले?"

"तू," येसूकाकी म्हणाली.

"मीच. तू ओढीत होतंस आणि मी सोडूक नाय. काच रुतली तुझ्या मनगटात. कितकेच दिवस तुका हातान जेवूक येणा नाय होता. तू बोंबललंस ता आजून माझ्या कानात आसा." आयेचा आवाज पहिल्यांदा फुटला. "मी परत कोणाचे हात धरूचंय नाय. आणि माझ्या घरात कोणाक धरूक देवचंय नाय. आत जावचा आसात तर पैलो माका उचला. ह्या बाकडा उचला. बघतंय तुमका जमता काय."

कोणी हललं नाही. अंधार होत आला होता, समोरच्या घरात कोणीतरी दिवा लावला. येसूकाकी तांब्या हातात धरून कितीतरी वेळ तशीच उभी होती. मग तिनं तांब्या खाली ठेवला, पदर सावरला आणि पुढे आली. मी दाराची कडी हातात घट्ट धरली.

ती आली ती आयेच्या पायाशी उरलेल्या जागेवर बसली. आयेचा बांधलेला पाय उचलून तिनं स्वतःच्या मांडीवर घेतला आणि दाराकडे पाठ केली. खळ्यातल्या बायका थोडा वेळ एकमेकींकडे बघत थांबल्या, मग लुगडं काखेत मारून माघारी वळल्या. आत यायला वाट नव्हती.